म्युनिक की आखेन? नावासाठी वीस लाख जास्त का मोजायचे?

पिंपरीकर (आखेन):
काल कोथरूडकर काकांनी इथे लिहिलं की भाच्याला जर्मनीतल्या टीयू म्युनिक आणि आरडब्ल्यूटीएच आखेन अशा दोन्ही सरकारी विद्यापीठांकडून मास्टर्सची ऑफर आलीय, तर "डोळे झाकून म्युनिक घ्या, नाव जन्मभर पुरतं, कर्ज दोन वर्षांत फिटतं". खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

फिटतं कुठून? म्युनिकने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून नव्याने येणाऱ्या मास्टर्सवाल्यांना सत्राला ४ ते ६ हजार युरो फी लावली. चार सत्रं म्हणजे १६ ते २४ हजार. युरो शंभरला धरला तरी १६ ते २४ लाख. इकडे सॉफ्टवेअर सिस्टम्स इंजिनिअरिंगला (भाच्याला हाच कोर्स मिळालाय) फी शून्य, फक्त सत्राचं तीनेकशे युरोंचं योगदान, त्यात रेल्वे-बसचं तिकीटही आलं. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्षाचा परवाना दोन्हीकडे सारखाच.

त्यात राहणं. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवतात त्या ब्लॉक अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. म्युनिकमध्ये त्यातले सात-आठशे खोलीतच जातात, वर सव्वाशेच्या पुढे विमा. माझा मित्र तिथे एका पोटभाड्याच्या खोलीत उतरला, घरमालक आनमेल्डुंगचा (पत्ता नोंदणीचा) कागद देईना. कागद नाही म्हणून पत्ता नोंदवता येईना, पत्ता नाही म्हणून तिथे राहण्याच्या परवान्याचं काम अडलेलं. पोरगं लेक्चर सोडून खोल्या बघत फिरत होतं. हे काकांना कोण सांगणार?

सातारकर (म्युनिक):
मी इथे शिकलो, फी लागल्यानंतरच्या पहिल्या बॅचला. आखेन फुकट हे अर्धसत्य आहे. तिथल्या इंटरनॅशनल अकॅडमीचे कोर्सेस पैसे घेतात, आणि लोक ऑफर लेटर न वाचता "जर्मनीत फी नसते" म्हणत नाचतात. दुसरं, म्युनिकमध्ये फीमाफी आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. तिसरं, बीएमडब्ल्यू, सीमेन्स दाराशी आहेत. मी वर्कस्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता कंपनीत, आठवड्याला २० तास काम करून खोलीचं भाडं स्वतः भरलं. घरून ते पैसे घेतले नाहीत.

पिंपरीकर (आखेन):
अकॅडमीचं खरं आहे, पण मी कोर्सचं नाव घेऊनच लिहिलंय. आणि वर्कस्टुडंटचं काम तुला पहिल्या सत्रात मिळालं का? जर्मन किती येत होतं?

सातारकर (म्युनिक):
दुसऱ्या सत्रात मिळालं. जर्मनची बी१ (मधली) पातळी करून आलो होतो. ए१ वर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, येणाऱ्यांचे हाल होतात, हे मान्य. पण ते आखेनलाही होतात.

ठाणेकर (निवृत्त, बँक):
कर्जाचं कोणी नीट बोलत नाही म्हणून लिहितो. २४ लाखांवर १० टक्के धरले तर वर्षाला २ लाख ४० हजार नुसतं व्याज. मोरेटोरियममध्ये, म्हणजे शिक्षण चालू असताना, हप्ता नसतो, व्याज चालूच असतं. साडेसात लाखांच्या पुढे सर्वसाधारणपणे तारण लागतं. शैक्षणिक कर्जाची प्राप्तिकरातली सूट फक्त व्याजावर, तीही आठ वर्षं आणि जुन्या करप्रणालीतच. राहता फ्लॅट तारण ठेवण्याआधी आईवडिलांनी हा हिशोब कागदावर मांडावा.

उदगीरचा:
तारण म्हटलं की फ्लॅट. तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात फ्लॅटच असतो. आमच्याकडे वडिलांची अकरा एकर आहे, विहीर आहे. बँकेत सातबारा पुढे केला तर साहेबांनी न बघता परत सरकवला. शेवटी मामाचं लातूरचं घर तारण दिलं. दिवाळीला मामीच्या हातचा फराळ घेताना मान वर होत नाही. म्युनिक-आखेन तुमच्यासाठी आवडीचा प्रश्न असेल, आमच्याकडे तो मामीचा प्रश्न आहे.

ठाणेकर (निवृत्त, बँक):
साहेबांचा दोष नाही. बँकेला कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याखाली वसुली करता येत नाही. बँक मग ती तारण कशी घेणार? एनए (बिगरशेती) करून घ्यायची.

उदगीरचा:
एनए करून घ्यायची! पिकती जमीन, ती पण पोराच्या व्हिसासाठी? तुम्ही केबिनमध्ये बसून हेच सांगत आलात.

डोंबिवली फास्ट:
शेतकऱ्यांना कर्जमाफी मिळते, आमच्या पगारातून टीडीएस कापला जातो. रडगाणं पुरे.

उदगीरचा:
माझ्या वडिलांना मिळालेल्या माफीचा कागद दाखवा, मग बोला. सोयाबीनला हमीभाव मिळाला नाही त्या वर्षी मी जीआरईची फी मित्राकडून घेतली. रडगाणं कोणाला म्हणता?

ठाणेकर (निवृत्त, बँक):
डोंबिवली, हे बोलणं बरोबर नाही. उदगीर, कायदा मी केला नाही, पण सातबारा न बघता परत करणं चूकच. निदान कारण लेखी द्यायला हवं होतं.

भीमनगर ते एडिनबरा:
नाव म्हणजे हौस, असं पिंपरीकरांच्या बोलण्यात येतंय, त्याला माझा विरोध आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट आहे. माझ्याकडे घर नाही, शेत नाही, मामाही नाही. क्रमवारीत वर असलेलं विद्यापीठ मिळालं म्हणूनच मी विमानात बसले. ज्यांना तारण देता येतं त्यांनी क्रमवारीला नावं ठेवावीत.

पिंपरीकर (आखेन):
शिष्यवृत्तीवाल्यांसाठी क्रमवारी लागते, यावर वाद नाही. काकांचा भाचा कर्ज काढून जाणार आहे, मी त्याच्याबद्दल बोलतोय.

नाशिकची आई:
एजंटांवर कोणीच बोलत नाही. आमच्या लेकीला दोन सरकारी विद्यापीठांच्या ऑफर हातात असताना एजंट बर्लिनच्या एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक पुढे करत होता, "ॲडमिशन पक्की" म्हणून. खासगीवाले त्याला कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. लेकीनेच ओळखलं, मी सही करायला निघाले होते.

कोथरूडकर काका:
सगळं वाचलं. नाव महत्त्वाचं, या मतावर मी ठाम आहे. आमच्या वेळी पुण्याच्या सीओईपीच्या नावावर नोकऱ्या मिळाल्या, हे मी पाहिलंय. पण घरमालकाच्या कागदाचं आणि व्याजाचं मला माहीत नव्हतं, हे लिहायला हरकत नाही. भाचा फीमाफीचा अर्ज करतोय. मिळाली तर म्युनिक, नाहीतर ताई आखेनच म्हणतेय.

पिंपरीकर (आखेन):
फीमाफीचा निकाल येईपर्यंत आखेनची जागा राहील असं धरून बसू नका. ऑफर लेटरवर स्वीकारायची तारीख आहे, ती भाच्याला आजच बघायला सांगा. आणि कुठेही गेला तरी वसतिगृहाचा अर्ज आत्ताच टाकू दे.

उदगीरचा:
डोंबिवलीकरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.