भेंडीच्या शिरा पिवळ्या पडून राह्यल्या, काय करू?

वावरवाला_आर्वी:
राम राम मंडळी. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) बाजूले अर्धा एकर भेंडी आहे, महिन्याची झाली, कळ्या धरून राह्यल्या. काही झाडाइचे नवे पानं पिवळे पडले, शिरा पिवळ्याधम्मक अन् मधात हिरवं. कृषी केंद्रवाला म्हणे लोह कमी आहे, फेरस (लोहाचं खत) अन् बुरशीनाशक दिलं, फवारलं तरी काही फरक नाही, उलट बाजूच्या झाडाइलेही धरलं. बियाणंच खराब निघालं का?

शेतीमित्र_अकोट:
भाऊ हे लोह नाही. लोह कमी असलं तं शिरा हिरव्या राहतात अन् मधातलं पान पिवळं पडते, तुमचं नेमकं उलटं आहे. हा हळद्या, येलो व्हेन मोझॅक, व्हायरस आहे, पांढरी माशी रस शोषता शोषता या झाडावरून त्या झाडावर नेते. बियाण्यातून येत नाही. रोग नवा नाही, 1924 मध्येच मुंबई इलाख्यात नोंद झाली होती. झाडाले एकदा लागला का कोणत्याच औषधानं बरं होत नाही, पैसे घालू नका बाप्पा. पिवळी झाडं आजच उपटा अन् वावराबाहेर नेऊन जाळा. लहान पिकात आला तं जास्त नुकसान, पहिल्या 35 दिवसात धरलं तं 90 टक्क्याच्या वर माल जाते, म्हणून थांबू नका.

ताई_काटोल:
उपटायच्या आधी माशीचा बंदोबस्त करा, नाहीतर झाड हलवलं की ती उडून चांगल्या झाडावर बसते. सकाळी पान पलटून पाहा, पांढरी माशी खालीच असते, म्हणून फवाराही खालून बसला पाहिजे. 5 टक्के निंबोळी अर्क मारा, पिवळे चिकट सापळे लावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारू नका, त्यानं मित्रकीटक मरतात अन् पांढरी माशी वाढते, हे पऱ्हाटीतही लक्षात ठेवा कारण माशी दोन्हीकडे फिरते. युरियाही जास्त नको, माशीले कोवळं पान आवडते. धुऱ्यावरची रानभेंडी काढाच, रोग तिथंही टिकते. पुढच्या हंगामात कडेनं मक्याच्या दाट ओळी लावा अन् वाण पाहून घ्या. परभणी क्रांती, अर्का अनामिका सहनशील म्हणून काढलेले आहेत, पण आता त्याइलेही काही ठिकाणी लागते, म्हणून माशीवर नजर पाहिजेच.

वावरवाला_आर्वी:
लय उपकार झाले. पान पलटून पाह्यलं, माशीच माशी आहे. उपटलेली झाडं ढोराले टाकली तं चालते का?

शेतीमित्र_अकोट:
व्हायरसनं ढोराले काही होत नाही, पण तुम्ही आताच बुरशीनाशक मारलं ना, नका टाकू, जाळाच.