इलेक्ट्रिक गाडी माझी, तिच्या कनेक्टिव्हिटीचा खर्च कुणाचा?

वाटसरू (धागाकर्ता)

अडीच वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. पहिल्या मालकाला कंपनीकडून मिळालेली तीन वर्षांची मोफत कनेक्टिव्हिटी, म्हणजे गाडीचं इंटरनेट, गेल्या महिन्यात संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर बॅटरीचा आकडा ६२ वर अडकलेला, खाली 'शेवटचं अपडेट: काल रात्री ११:४०'. रात्रभर चार्जिंगला लावली होती. चार्जिंग पूर्ण झालं की मध्येच बंद पडलं, ते बघायला पार्किंगमध्ये उतरलो. गाडी ठणठणीत, ९०% भरलेली. बिघाड काहीच नव्हता, वर्गणी संपली होती.

गाणी-व्हिडिओचे पैसे जरूर घ्या. पण चार्जिंग कुठवर आलं, ते कधी सुरू करायचं, वाटेतला चार्जर रिकामा आहे का, एवढं तरी गाडीच्या किमतीतच हवं, आणि गाडी रस्त्यावर आहे तोवर हवं. पेट्रोलची टाकी आपण समोर उभे राहून पाच मिनिटांत भरतो. ही गाडी तासन्‌तास भरते, तेही आपण जवळ नसताना. मग तिची खबर लांबून कळायलाच हवी ना?

हिशेबनीस

असहमत. गाडीत ई-सिम असतं, त्याच्या डेटाचे पैसे टेलिकॉम कंपनी दर महिन्याला घेते. सर्व्हर चालतात, सुरक्षेच्या त्रुटी बुजवाव्या लागतात, तेही पंधरा-पंधरा वर्षं. 'किमतीत धरा' म्हणजे जो ॲप कधी उघडतच नाही त्याच्याकडूनही वसूल करा. ते मला जास्त अन्यायाचं वाटतं.

टेस्लाचंच बघा. ३० जून २०१८ पर्यंत मागणी नोंदवलेल्या गाड्यांना प्रीमियम कनेक्टिव्हिटी (लाइव्ह ट्रॅफिक, व्हिडिओ वगैरे) आजीवन होती. नंतर अमेरिकेत महिना ९.९९ डॉलर आकारायला लागले. २० जुलै २०२२ पासून मागणी नोंदवलेल्या गाड्यांना तर साधी कनेक्टिव्हिटीही ८ वर्षांपुरतीच. आजीवनचं ओझं कंपनीला परवडत नाही, हाच त्याचा अर्थ.

बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्याची वर्गणी काढली होती, ती मात्र चूकच. हीटर गाडीत बसवलेला, तो चालवायला कंपनीला महिन्याला काही खर्च नाही. २०२३ मध्ये त्यांनीच तो नाद सोडला. इंटरनेटचं तसं नाही, तिथे खर्च खरोखर चालू असतो.

वाटसरू

हीटरचा मुद्दा मान्य. पण ते ८ वर्षांचं गणित बघा. ती मोजायची पहिल्या डिलिव्हरीपासून, आणि बॅटरीची वॉरंटीही बहुतेक कंपन्यांची साधारण तेवढीच. म्हणजे बॅटरीवर खरं लक्ष ठेवायची वेळ येते तेव्हाच खिडकी बंद. तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते, आणि नवी गाडी न परवडणारा माणूसच हे बिल भरतो.

टॉवरखालचा

दोघेही पैशांवर भांडताय, पण पैसे भरूनही सेवा जाते. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिकॉम कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं आणि कितीतरी गाड्यांचे मोडेम (गाडी मोबाइल नेटवर्कला जोडणारं यंत्र) मुके झाले. ब्रिटनमध्ये २०१६ पर्यंत बनलेल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीचं ॲप एप्रिल २०२४ पासून बंद झालं, कारण त्यांचं मोडेम २जीचं. चार्जिंगचा टायमर गाडीत बसून लावता येतो, घरातून नाही. वर्गणी कुणीही भरा, आधी मोडेम बदलता येईल असं बसवा, ही मागणी लावून धरायला हवी.

मीटर_चालू

वाटसरू, एक सांगा. वर्गणी संपल्यावर गाडीत सॉफ्टवेअर अपडेट आलं का?

वाटसरू

आलं की. मागच्याच आठवड्यात. वायफायला जोडलेली नसताना.

मीटर_चालू

मग लाइन चालू आहे, फक्त तुमच्या बाजूचं दार लावलंय. दूरवरून अपडेट करता आलं की कंपनीचा सर्व्हिस सेंटरचा खर्च वाचतो. बॅटरीची माहिती मिळाली की पुढचं मॉडेल सुधारतं. आणि माहितीला बाजारभाव असतोच. जनरल मोटर्सने चालकांचं लोकेशन आणि गाडी चालवण्याच्या सवयींची माहिती पुरेशी संमती न घेता बाहेर दिली म्हणून अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२५ मध्ये कारवाई केली. ग्राहक-अहवाल संस्थांना (लोकांची माहिती गोळा करून विमा कंपन्या वगैरेंना विकणाऱ्या) ही माहिती देण्यावर ५ वर्षांची बंदी. माहिती माझी जात असेल तर वर्गणी कसली मागता?

हिशेबनीस

हा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझं म्हणणं सोडत नाही. अपडेट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतं, ॲप दिवसातून दहादा गाडीला उठवतं. खर्च सारखा नाही. पण चार्जिंगचा आकडा म्हणजे काही बाइटचा मामला. तेवढा फुकट ठेवायला कुणाची हरकत नसावी, माझी तरी नाही. लाइव्ह ट्रॅफिक, सॅटेलाइट नकाशे, व्हिडिओ हे ज्याला हवं त्याने घ्यावं.

चौथा_गिअर

आमची गाडी ऑफिसने लीजवर दिलीय. भाडं ऑफिस भरतं, वर्गणी ॲप ज्याच्या नावावर त्याची, म्हणजे माझी. गाडी परत केली की उरलेले महिने पुढच्याला.

हिशेबनीस

वाटसरू, शेवटी भरली का वर्गणी?

वाटसरू

एका वर्षाची भरली. आमच्या गाडीत चार्जरपर्यंतचा रस्ता नेव्हिगेशनला लावला की ती बॅटरी आधीच तापवायला घेते, आणि ते नेव्हिगेशनही वर्गणीतच. थंडीत गार बॅटरीने फास्ट चार्जरवर गेलो तेव्हा अर्ध्या तासाच्या कामाला तास लागला. गाडी विकेन तेव्हा घेणाऱ्याला वर्गणी संपायची तारीख कागदावर लिहून देणार आहे. मला ती कुणी सांगितली नव्हती.