मदत हवी आहे: पाच जणांसाठी रोजची एडब्ल्यूडी एसयूव्ही (कोल्हापूर + वैभववाडीचा चढ)

करूळ_उतार (धागाकर्ता):

मंडळी, एडब्ल्यूडी (चारही चाकांना ओढ देणारी) गाडी ठरवायला मदत हवी आहे. वापर असा:

सोमवार ते शनिवार कोल्हापूर शहर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन ३० किमी. महिन्यातून एक-दोनदा गगनबावडामार्गे करूळ घाट उतरून वैभववाडीजवळ गावी. वर्षाचे साधारण १२ हजार किमी. घरात पाच माणसं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार उंच पायरीची गाडी नको.

अडचण गावच्या घराकडे चढणाऱ्या शेवटच्या ६० मीटरची. कातळ आणि जांभ्याचे चिरे बसवलेली वाट आहे. जून ते ऑक्टोबर तिच्यावर शेवाळ असतं आणि फक्त पुढच्या चाकांवर ओढ असलेली गाडी भरलेली असली की तिची चाकं मध्येच जागच्या जागी फिरतात.

बजेट ऑन रोड २२ लाख. डोक्यात आहेत:
– मारुतीची ग्रँड विटारा ऑलग्रिप (मारुतीच्या एडब्ल्यूडीचं नाव) किंवा टोयोटाची हायरायडर एडब्ल्यूडी, ऑटोमॅटिक
– त्यांचंच स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत मोठी बॅटरी आणि मोटर; टू व्हील ड्राइव्ह)
– थार रॉक्स फोर बाय फोर
– जुनी डस्टर एडब्ल्यूडी

रोजच्या वापरात एडब्ल्यूडी परवडते का? आणि तो चढ तिने खरंच सुटेल का?

गिअरपेटी:

आधी चढ मोजा, मग गाडी बघा. एक मीटर लांबीची सरळ फळी चढावर ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. टोकाखाली जितके सेंटिमीटर मोकळे राहतील तितके टक्के चढ. चार-पाच ठिकाणी मोजा. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट जागा कोणती ते सांगा. घर्षण तिथेच संपतं.

डिझेलमामा:

डस्टर एडब्ल्यूडी यादीतून काढा, असं मनावर दगड ठेवून सांगतो. २०१४ मध्ये आली तेव्हा या भावात तशी गाडी दुसरी नव्हती: ११० पीएसचं दीड लिटर डिझेल, मुद्दाम आखूड ठेवलेला पहिला गिअर, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, ऑटो / टू व्हील / लॉक असा खटका. पण बीएस-६ प्रदूषण नियम आल्यावर डिझेल बंद झालं. आज जी मिळेल ती पाच-सात वर्षांहून जुनीच असणार. मागच्या कपलिंगचा (मागची चाकं इंजिनला जोडतं ते) किंवा डिफरन्शियलचा (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) भाग लागला तर गाडी गॅरेजमध्ये किती दिवस राहील हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. छंद म्हणून घ्या, घरातली एकमेव गाडी म्हणून नको.

करूळ_उतार:

फळी लावून मोजलं. बहुतेक ठिकाणी १६ ते १८ सेंमी, वळणाजवळच्या सहा-सात मीटरच्या पट्ट्यात २४. शेवाळही नेमकं तिथेच, कारण वर फणसाची सावली आहे.

गिअरपेटी:

मग हिशोब सोपा आहे.

पुढच्या चाकांच्या गाडीत पाच माणसं आणि सामान भरलं की सपाटीवर पुढच्या चाकांवर साधारण ५३ टक्के वजन उरतं. २४ टक्के चढावर त्यातलं आणखी सहा टक्के मागे सरकतं, राहिलं ४७. सगळी ओढ तेवढ्याच वजनावर मिळवायची, म्हणजे टायर आणि जमीन यांच्यातलं घर्षण किमान ०.२४ भागिले ०.४७, म्हणजे ०.५१ हवं. चारही चाकं ओढत असतील तर तेच काम ०.२४ वर होतं (कागदावर, प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं). कोरड्या जांभ्यावर दोन्ही गाड्या चढतील. ओल्या शेवाळावर घर्षण ०.३० धरलं तर पुढच्या चाकांची गाडी फिरणारच. एडब्ल्यूडी चढेल.

आता उतरताना. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे उतारावर एडब्ल्यूडीचा फायदा शून्य. ०.३० घर्षणातले ०.२४ गाडी नुसती धरून ठेवण्यात खर्च होतात, थांबवायला ०.०६ उरतात. ताशी १० किमीने उतरत असाल तर थांबायला साडेसहा मीटर लागतील, २० ने असाल तर २६ मीटर. म्हणजे तो सगळा पट्टा ओलांडून वळणाच्या पलीकडे. आणि घर्षण ०.२४ च्या खाली गेलं तर ब्रेक दाबूनही गाडी घसरतच राहील. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) त्याच ब्रेकवर चालतं, ते घर्षण कुठून आणणार?

एडब्ल्यूडी तुम्हाला अशा चढावर नेऊन ठेवू शकते जिथून सुखरूप उतरता येत नाही. तेव्हा तो वळणाजवळचा पट्टा आधी दुरुस्त करा. गाडीचा निर्णय त्यानंतर.

चिरेखाण:

सहमत. खर्चही फार नाही. पूर्ण रस्ता कॉंक्रीट करायची गरज नाही, दोन चाकपट्ट्या पुरतात. प्रत्येक पट्टी ६० सेंमी रुंद, १२ सेंमी जाड, मध्य ते मध्य अंतर दीड मीटर. ६० मीटरला साधारण ८.६ घनमीटर माल लागतो. एम-२० कॉंक्रीटच्या १ : दीड : ३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने घनमीटरला आठ पोती, म्हणजे ७० पोती सिमेंट.

नेहमी बिघडतं ते फिनिशिंगला. गवंडी सवयीने थापीने गुळगुळीत करतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यावरही शेवाळ धरतं. ओलं असतानाच आडव्या खाचा पाडून घ्या: एक सेंमी खोल, दर १० सेंमीला एक. खाचा किंचित तिरक्या ठेवा म्हणजे पाणी बाजूला पडेल. पट्ट्यांच्या मध्ये माती तशीच सोडली तर पहिल्याच पावसात ती धुपून कडा उघड्या पडतात. तिथे दगड भरा. वरच्या बाजूला आडवी चर काढून पाणी वाटेवर येण्याआधीच वळवा.

या वर्षी जमणार नसेल तर पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणे, आणि फणसाच्या खालच्या फांद्या उतरवणे. ऊन लागलं की निम्मं शेवाळ जातं.

करूळ_उतार:

वाट वहिवाटीची आहे, तीन घरांची. भाऊबंदांना विचारावं लागेल. समजा पट्ट्या झाल्या, तर एडब्ल्यूडीवर खर्च करण्यात अर्थ आहे का?

चिरेखाण:

फक्त वळणाजवळचा पट्टा करायचा असेल तर दहा मीटर धरा. दीड घनमीटर, बारा पोती. एवढ्याला भाऊबंद सहसा नाही म्हणत नाहीत, फायदा त्यांचाही आहे. चहा पाजून विचारा.

पेट्रोलबिल:

रोजचा हिशोब मांडतो. कंपनीचे आकडे: स्ट्राँग हायब्रिड २७.९७, ऑलग्रिप मॅन्युअल १९.३८, ऑलग्रिप ऑटोमॅटिक १९.२० किमी प्रति लिटर. तुमच्यासारख्या शहर-एमआयडीसी वापरात हायब्रिडला २०, ऑलग्रिप ऑटोमॅटिकला १२ धरून चाला. १२ हजार किमीला ६०० विरुद्ध १,००० लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला ४२ हजारांचा फरक, पाच वर्षांत दोन लाखांवर.

स्ट्राँग हायब्रिडला एडब्ल्यूडी मिळत नाही, ऑलग्रिपला हायब्रिडची मोठी बॅटरी मिळत नाही. दोन्ही एकत्र हवं हा हट्ट सोडावा लागेल. हायब्रिडच्या डिकीत बॅटरी बसल्यामुळे मोठी सूटकेस उभी राहत नाही, पाच जणांच्या गणपतीच्या सामानाला हे जाणवेल.

आणि एडब्ल्यूडी फक्त वरच्या व्हेरियंटमध्ये. २०२२ मध्ये ग्रँड विटारा आली तेव्हा अल्फा १५.३९ लाख आणि अल्फा ऑलग्रिप १६.८९ लाख, म्हणजे नुसत्या त्या भागाचे दीड लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, तो त्या दीड लाखावरही लागतो.

घाटवळण:

पेट्रोलबिल यांचा हिशोब बरोबर आहे, पण पावसाळी गाव फक्त त्या ६० मीटरचं नसतं. कडेला गाडी लावताना चाक मऊ मातीत रुतणं, शेताच्या बांधावरून वळवणं, समोरून एसटी आली म्हणून साइडपट्टीवर उतरणं, हे तिथे रोजचंच. एडब्ल्यूडीचा खरा उपयोग इथे होतो, आणि तो आकड्यात बसत नाही. बजेटमध्ये येत असेल तर मी ऑलग्रिप ऑटोमॅटिकच सांगेन.

मॅन्युअल मात्र नको. दीड लिटर इंजिन, १०३ पीएस, १३७ एनएम आणि तेही ४,४०० आरपीएमला. गाडीत लो रेंज (अवघड चढासाठीचे जादा आखूड गिअर) नाही. भरलेल्या गाडीने २४ टक्के चढावर अर्ध्यात थांबून पुन्हा निघायचं म्हणजे क्लच अर्धा दाबून इंजिन वर न्यायचं. असं दोन-तीनदा केलं की जळका वास येतो. सहा गिअरचं ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचं (क्लचऐवजी तेलातून ओढ देणारं) आहे, ते अशा वेळी बिनतक्रार रेंगाळतं. ऑलग्रिपसोबत ते एप्रिल २०२५ पासून मिळतं. त्याआधीच्या सेकंडहँड ऑलग्रिप सगळ्या मॅन्युअल.

सेकंडहँड बघितलीच तर डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ मधल्या ग्रँड विटाराला इंधनाच्या मीटरसाठी रिकॉल होता. चासी नंबर टाकून काम झालंय का ते तपासा.

करूळ_उतार:

थार रॉक्सबद्दल कुणीच बोललं नाही. आणि ऑलग्रिपमधले मोड नेमके कधी वापरायचे?

डिझेलमामा:

रॉक्स उत्तम गाडी आहे, तुमच्या कामाची नाही. पायरी उंच, आई रोज चढणार-उतरणार. तिची फोर बाय फोर पार्टटाइम आहे: पुढचा-मागचा शाफ्ट थेट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, ते अंतर टायर घसरूनच भरून निघतं. चिखलात चालतं. कोरड्या डांबरावर ४एच (फोर बाय फोर) लावून वळलात तर गाडी अडकल्यासारखी होते आणि गिअरपेटीवर ताण येतो. करूळ घाटात अर्धा रस्ता ओला, अर्धा कोरडा. तिथे हे सतत लावा-काढा करत बसणार का?

घाटवळण:

मोड:

ऑटो – रोज हाच. मागची चाकं गरज पडली तरच जोडली जातात.

स्पोर्ट – ओव्हरटेकला बरा, पेट्रोल पितो. विसरा.

स्नो – आपल्याकडे बर्फ नाही, पण ओल्या घाटासाठी हाच कामाचा. अॅक्सिलरेटर मवाळ होतो.

लॉक – चढाला लागण्याआधी, गाडी थांबलेली असताना लावा. चाक फिरायला लागल्यावर लावून फायदा कमी, तोवर टायरने शेवाळाचं लोणी केलेलं असतं. वेग साधारण ६० च्या वर गेला की लॉक आपोआप सुटतो.

लॉकमध्ये चाकं खूप वेळ फिरवत राहिलात तर मागचं कपलिंग तापतं, मीटरवर इशारा येतो आणि गाडी तात्पुरती पुढच्या चाकांवर जाते. इंजिन चालू ठेवून थांबा, थंड झालं की पुन्हा प्रयत्न करा.

गिअरपेटी:

टायरचं राहिलं, आणि एडब्ल्यूडीमध्ये सगळ्यात महाग चूक तिथेच होते. माप २१५/६० आर १७, नव्या टायरचा परीघ साधारण २१६७ मिमी. नवी नक्षी आठ मिमी खोल, झिजून तीन राहिली की परीघ २१३६. फरक दीड टक्का. पुढे दोन नवे आणि मागे दोन झिजलेले घातले तर सरळ रस्त्यावरही पुढचा-मागचा शाफ्ट कायम वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि मागचं कपलिंग विनाकारण घासत राहतं. म्हणून चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि दर १० हजार किमीला पुढचे मागे. एक टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजले असतील तर चारही बदला. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, पण पावसासाठी तीन मिमीला बदलायला घ्या.

स्टेपनीचं माप शोरूममध्ये डिकी उघडून वाचा. वेगळं असेल तर ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत, हळू.

पेट्रोलबिल:

देखभाल: इंजिन ऑइलशिवाय ट्रान्सफर (मागे ओढ पाठवणारी पेटी) आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल असतं, सर्व्हिस सेंटरवाले सांगितल्याशिवाय बघत नाहीत. जॉबकार्डवर लिहून घ्या. कॉजवेवरून पाण्यातून गाडी गेली असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका, मागचं ऑइल उघडून बघा. चहासारखं दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय, लगेच बदला.

आणि वाहतं पाणी असेल तर गाडी घालूच नका, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स असला तरी. एक फूट वाहतं पाणी लहान गाडी ढकलतं, दोन फूट बहुतेक सगळ्या.

करूळ_उतार:

खूप मदत झाली. आधी वळणाजवळचे दहा मीटर करून घेतो. मग ऑलग्रिप ऑटोमॅटिक आणि हायब्रिड, दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह. काय बघू?

घाटवळण:

पाचही माणसं घेऊन जा. पॅनोरामिक सनरूफमुळे मागे डोक्याची जागा कमी होते, उंच माणसाला मागे बसवून बघा. मधल्या सीटवर कोण बसणार ते आधीच ठरवा आणि त्यालाच बसवा. आईंना चार वेळा चढ-उतार करायला लावा, एकदा नाही. शोरूममध्ये ऑलग्रिपची टेस्ट गाडी नसेल तर साध्या ऑटोमॅटिकवर जागा आणि इंजिन तपासा, पण बुकिंगच्या आधी ऑलग्रिप एकदा चढावर चालवायला मागाच.

डिझेलमामा:

एक राहिलं. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेताना फ्लॅटबेड (पूर्ण गाडी वर चढवून नेणारी) मिळते का ते लेखी विचारा. एडब्ल्यूडी गाडी पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत न्यायची नसते, शाफ्ट फिरत राहतो आणि कपलिंग जातं. गगनबावड्यात येणारा क्रेनवाला हुक लावूनच तयार असतो. त्याला आधी थांबवा.