जळगावला वाचनालयाचं कार्ड काढावं का? वर्गणी, अनामत आणि पदरात नक्की काय पडतं

शहादेकर:
राम राम मंडळी. जूनमध्ये शहाद्याहून जळगावला बिऱ्हाड हलवतोय. बायको कादंबऱ्या वाचते, मुलगी सहावीत आहे, धाकटा भाऊ राज्यसेवेची तयारी करतोय आणि मला खानदेशच्या जुन्या इतिहासाचा नाद. वाचनालयाचं कार्ड काढायचं मनात आहे. भाऊ म्हणतो, सगळं मोबाईलवर फुकट मिळतं, अनामत कशाला अडकवायची? शहाद्याचं कार्ड तिकडे चालेल का? एका कार्डावर घरच्या सगळ्यांचं भागतं का? कागदपत्रं काय लागतात? आणि पैसे वसूल होतात का, ते हिशेबानं सांगा.

देवघेव_खिडकी:
शहाद्याचं कार्ड जळगावला चालणार नाही. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे खरा, पण त्याखालची बहुतेक वाचनालयं गावोगावच्या संस्था चालवतात. सरकार मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं. वर्गणी किती, अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, हे ज्या त्या संस्थेचं कार्यकारी मंडळ ठरवतं. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन वाचनालयांचीही कार्डं एकमेकांत चालत नाहीत.

तेव्हा निघण्याआधी शहाद्याचं खातं बंद करा आणि अनामत घेऊन या. मूळ अनामत पावती, कार्ड आणि घरातली सगळी पुस्तकं एकदमच घेऊन जा. पावती सापडत नसेल तर तसा अर्ज द्या. अनामतीची नोंद त्यांच्या रजिस्टरात असते, फक्त शोधायला वेळ लागतो. 'पुढच्या दिवाळीला येऊ तेव्हा बघू' असं करू नका. बऱ्याच संस्थांच्या नियमात थकलेली वर्गणी अनामतीतून वळती करून घेतात. वर्ष-दोन वर्षांनी गेलात तर हातात काही उरत नाही, आणि संस्थेची त्यात चूकही नसते.

जळगावात लोक एक गल्लत हमखास करतात. व. वा. वाचनालय हे संस्थेचं, जुनं, 'जिल्हा वाचनालय' म्हणून ओळखलं जाणारं. शासकीय जिल्हा ग्रंथालय वेगळं, ते थेट ग्रंथालय संचालनालयाच्या हाताखाली चालतं. दोन्हीकडचा संग्रह वेगळा, दर वेगळे, सुट्टीचे दिवस वेगळे. एकदा दोन्हीकडे चक्कर मारा आणि घरच्यांना हवी ती पुस्तकं कपाटात कुठे दिसतात ते बघून ठरवा.

कागदपत्रं: छापील अर्ज, आधारची झेरॉक्स, एक-दोन फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा. तुमची अडचण इथेच येईल, कारण आधारवर शहाद्याचा पत्ता असणार. भाडेकरार आणि घरमालकाच्या नावाचं लाइटबिल जोडीनं न्या. शिवाय बऱ्याच ठिकाणी जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही लागते. नवीन गावात हीच सही अडते. ऑफिसातलं किंवा मुलीच्या शाळेतलं कोणी सभासद आहे का, आधीच विचारून ठेवा. जामीन नसेल तर काही ठिकाणी जादा अनामतीवर काम भागतं.

आता हिशेब. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून आकडे धरून चालू. समजा महिन्याची वर्गणी 60 रुपये, म्हणजे वर्षाला 720. अनामत 500, ती परत मिळते, म्हणून खर्चात धरू नका. मराठी कादंबरी साधारण 350 रुपये धरा. वर्षाला दोनच पुस्तकं वाचून होत असतील तर 700 रुपयांत ती विकतच घ्या, घरात राहतील. तिसऱ्या पुस्तकापासून कार्ड परवडायला लागतं. वहिनी महिन्याला दोन वाचत असतील तर वर्षाची 24 पुस्तकं, विकत घेतली तर 8400 रुपये. पुढे तुम्हीच बघा.

कार्ड एकाच्या नावावर असलं तरी पुस्तक बदलायला घरातलं कोणीही गेलं तर सहसा चालतं. घरासाठी दोन कार्डं काढण्यापेक्षा एकाच कार्डावर जास्त पुस्तकांचा वर्ग घ्या, दुसरी अनामत वाचते. मुलीचं मात्र बाल सभासद म्हणून वेगळं काढा. दर कमी असतो आणि तिला तिचं पुस्तक स्वतः निवडता येतं. सहावीतल्या पोरीनं आईच्या कार्डावर आणलेलं पुस्तक घरी आलं की आईचंच होऊन बसतं.

पुस्तक घेताना एक सवय लावून घ्या. खिडकीवरून हलायच्या आत पानं भरभर चाळा. मराठी पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फॉर्म्यांत (एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडीत) छापतात, त्यामुळे बांधणी सैल झाली की एखाद-दुसरं पान निसटण्याऐवजी अख्खा फॉर्मा जातो: 96 नंतर थेट 113. कधी तोच फॉर्मा दोनदा शिवलेला असतो. असं दिसलं तर तिथल्या तिथे दाखवा आणि तारखेच्या चिठ्ठीवर 'पाने 97 ते 112 नाहीत' असं लिहून घ्या. नंतर सांगितलं तर ती पानं तुमच्या घरात गेली असंच धरलं जातं.

पुस्तक हरवलं तर आधी बाजारात तीच आवृत्ती शोधा. नवी प्रत आणून दिली की बहुतेक ग्रंथपाल खुशीनं घेतात, जुना दाखल क्रमांक रद्द करून नवा टाकतात. जुनं, आता छापून न येणारं पुस्तक हरवलं तर छापील किमतीवर भागत नाही. आत किंमत 12 रुपये असली तरी त्या पैशांत ते कुठे मिळणार? म्हणून किमतीच्या काही पट भरपाई लावतात. अर्जामागचे नियम कोणी वाचत नाही, ते एवढ्यासाठी तरी वाचा.

आणि मे महिन्यात पुस्तक गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करू नका. जळगावच्या उन्हात चिकटबांधणीचा डिंक मऊ पडतो, मग पुस्तक उघडलं की पाठ तडकते.

अभ्यासिका_कोपरा:
भावासाठी लिहितो. अभ्यासिका आणि देवघेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाच्या कार्डावर अभ्यासिकेत बसू देतीलच असं नाही, तिची फी वेगळी असू शकते. खासगी अभ्यासिकेपेक्षा ती बरीच स्वस्त पडते, मात्र पैसे भरण्याआधी एवढं विचारा: स्वतःची पुस्तकं आत नेता येतात का (काही ठिकाणी फक्त वही-पेन), जागा नंबरानं ठरलेली की जो आधी येईल त्याची, लॅपटॉपला प्लग आहे का, साप्ताहिक सुट्टी कधी, परीक्षेच्या दिवसांत वेळ वाढवतात का. आणि दुपारी दोन वाजता एकदा जाऊन बसून बघा. सकाळी आठला सगळ्याच अभ्यासिका छान वाटतात, खरं काय ते दुपारी पंखा आणि पत्र्यावरून कळतं.

पुस्तकांचं म्हणाल तर स्पर्धा परीक्षेच्या कपाटात डोळे उघडे ठेवून हात घाला. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. कपाटातली कितीतरी मार्गदर्शकं त्याआधीची, बहुपर्यायी प्रश्नांसाठी लिहिलेली आहेत. कायद्याचं तर त्याहून अवघड. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, सगळी कलमं हलली. पोलीस भरती किंवा पीएसआयच्या पोरांनी जुन्या पुस्तकातून कलमं पाठ केली तर आधीचं विसरायला दुप्पट वेळ जातो. मुखपृष्ठावर 'नवीन आवृत्ती' असं ठळक लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. आतलं मुद्रण-पान उघडून साल बघा.

इतिहास, भूगोल, राज्यशास्त्राची मूळ पुस्तकं मात्र जुनी चालतात आणि तीच महाग असतात. ती कार्डावर आणायची, चालू घडामोडींचं विकत घ्यायचं. वर्तमानपत्रं तर वाचन कक्षात बसून फुकटच वाचता येतात, त्यासाठी सहसा कार्डही लागत नाही. चार पेपर घरी लावायचे म्हटले तर महिन्याचं बिल किती होतं बघा.

तापीकाठ:
मी भावाच्या बाजूनं. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, फुकट. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे, नोंदणी फुकट. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत, मुलीला तेच द्या. वर्गणी कशाला?

देवघेव_खिडकी:
तापीकाठ भाऊ, तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि तिन्ही वापराव्यातच. पण त्यात गेल्या पाच-दहा वर्षांतली मराठी कादंबरी कुठे आहे? लेखक-प्रकाशकाचा हक्क चालू असलेलं पुस्तक फुकट आणि रीतसर ऑनलाइन सापडणं अवघड. टेलिग्रामवर फिरतात त्या पीडीएफ चोरीच्या असतात, वर अर्ध्यांत पानं तिरकी. वहिनींसाठी कार्डच लागेल.

हवं ते पुस्तक वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवहीत लिहा: नाव, लेखक, प्रकाशन, तिन्ही. 'ते निळ्या कव्हरचं' असं लिहिलेलं कोणी मागवत नाही. हे दिवाळीच्या आसपासच करून टाका. अनुदान हप्त्यांनी येतं, त्यामुळे पुस्तक खरेदीची घाई आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे, मार्चच्या आत असते. एप्रिलमध्ये मागणी लिहिली तर ती वहीत पिकत पडते.

कपाशी_ताई:
दिवाळी अंकांचं कोणी बोललंच नाही! बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते. ठरावीक रक्कम एकदाच भरायची आणि पुढचे दोन-चार महिने अंक बदलून न्यायचे. एकेक अंक आता 200-300 च्या घरात गेलाय, त्यामुळे तीन-चार अंक वाचले की पैसे फिटतात. योजनेची वर्गणी वेगळी, नेहमीच्या कार्डात धरलेली नसते. अंक दोन-तीन दिवसांतच परत द्यावा लागतो, कारण मागे रांग असते. नाव पहिल्या आठवड्यात द्या. उशिरा गेलं की चांगले अंक फिरतीवर गेलेले असतात आणि उरतात ते राशिभविष्याचे.

वहिनींना आणखी एक. जिथे कपाटापर्यंत जाऊ देतात (मुक्तद्वार) असं वाचनालय मिळालं तर तेच निवडा. जिथे खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते तिथे पाच नावं क्रमानं लिहून न्या. पहिली दोन बाहेर गेलेलीच असतात.

जुनी_मोडी:
शहादेकर, तुमच्या इतिहासाच्या नादासाठी साध्या कार्डाचा उपयोग मर्यादित आहे. या विषयाची जुनी पुस्तकं बहुधा संदर्भ विभागात असतात, घरी देत नाहीत, तिथेच बसून टिपणं काढायची. फायदा असा की सभासद असलात की संदर्भ विभागात सहज बसू देतात आणि दोन-चार पानांची झेरॉक्सही मिळते.

शोधताना जिल्ह्याच्या नावात फसू नका. 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. 1906 ला पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पुढे 1960 च्या सुमारास पूर्व खानदेशचं जळगाव आणि पश्चिमचं धुळे झालं. तुमचा शहादा तालुका 1 जुलै 1998 ला नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. म्हणजे शहाद्याबद्दलचा मजकूर सालाप्रमाणे खानदेश, पश्चिम खानदेश, धुळे, नंदुरबार अशा चार नावांखाली विखुरलेला आहे. तालिकेत, म्हणजे वाचनालयाच्या पुस्तक-यादीत, फक्त 'नंदुरबार' बघितलं तर 1998 आधीचं जवळजवळ काहीच हाती लागत नाही, आणि लोक 'इथे काही नाही' म्हणून परत जातात. सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या बाराव्या, खानदेशच्या खंडापासून करा. तो 1880 चा, इंग्रजीत आहे. गावं, पिकं, घाट, बाजार यांची बारीक माहिती त्यात सापडते, फक्त गावांच्या नावांचं स्पेलिंग तेव्हाचं, म्हणून उच्चारून वाचा.

खरा खजिना धुळ्याला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 ला धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. दोन्ही ठिकाणी जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, ओळखपत्र घ्या, कोणता विषय आणि कोणता काळ हवा ते एका कागदावर लिहून न्या. शाईचं पेन खिशातच ठेवा, टिपणं पेन्सिलीनं. मोबाईलनं फोटो काढायचे तर आधी विचारा. आणि जुनी कागदपत्रं मोडीत असतात, तेव्हा मोडीची बाराखडी थोडी घोटून जा, म्हणजे निदान तारीख आणि गावाचं नाव तरी वाचता येईल.

शहादेकर:
मंडळी, आभारी आहे. अनामत पावती लोखंडी पेटीत सापडली. शहाद्याचं खातं याच आठवड्यात बंद करतो. एकच शंका: वर्गणी महिन्याची भरू की वर्षाची?

देवघेव_खिडकी:
पहिले तीन महिने महिन्याची. वेळ जुळते का, घरापासून लांब पडतं का, हवी ती पुस्तकं मिळतात का, ते तेवढ्यात कळतं. जुळलं की वर्षाची एकदम भरा, काही ठिकाणी त्यात एखाद्या महिन्याची सूट असते आणि थकबाकीचा प्रश्नच येत नाही. पावतीवर 'कधीपासून कधीपर्यंत' हे लिहिलंय का ते बघूनच खिडकी सोडा.

भरीत_भाकर:
भाऊ, आते सोपं शे. फक्त पुस्तक वाचता वाचता भरीत खाऊ नका, तेलाचा डाग निघत नाही आणि भरपाई मात्र लागते.