बाखच्या रचनेत तंबोरा ऐकू येतो, तो खरा की भास?

प्रश्न : खर्जसाधक

मी बरीच वर्षे हिंदुस्थानी गायन शिकतो आहे आणि अलीकडे पाश्चात्त्य अभिजात संगीत नेटाने ऐकू लागलो आहे. जर्मन संगीतकार बाखच्या १७२२च्या संग्रहातील सी मेजरचे पहिले प्रेल्यूड (छोटी वाद्यरचना) संपत येते, तेव्हा खालचा स्वर बराच वेळ एकाच जागी थांबतो आणि वरचे स्वर बदलत राहतात. त्या क्षणी मागे कोणी तंबोरा छेडतो आहे असे वाटते. असे साम्य दोन्ही पद्धतींच्या घडणीतच आहे, की माझे कान सवयीने स्वतःचेच काही ऐकतात? ‘संगीताला भाषा नसते’ एवढेच उत्तर कृपया देऊ नये, ते पुष्कळदा ऐकून झाले आहे.

प्रतिसाद : मूर्च्छना

सर्वांत ठळक साम्य स्वरांच्या मांडणीत आहे आणि ते कागदावर पडताळता येते. पंडित भातखंड्यांच्या १० थाटांपैकी (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीचा सात स्वरांचा साचा) ६ थाट युरोपातील जुन्या मोडांशी, म्हणजे तिथल्या स्वरसाच्यांशी, स्वरास स्वर जुळतात : बिलावल म्हणजे आयोनियन, अर्थात आजचा मेजर, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन आणि आसावरी एओलियन. कारणही गूढ नाही. शुद्ध स्वरांचे सप्तक तेच ठेवून षड्जाची जागा बदलत गेले की हे सारे हाती येतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चौघांना मात्र त्या मोडांत जोडीदार नाही.

तरीही थाट म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर सारखे आहेत. पण भूपात गांधाराला मान आणि देशकारात धैवताला, इतका की पहिला कल्याण थाटात आणि दुसरा बिलावल थाटात घातला गेला. हा फरक मोडाच्या नावाने सांगता येत नाही.

प्रतिसाद : एकताल

मूर्च्छना यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्या साम्यावर मी फारसा भर देणार नाही. सात स्वरांच्या जुळण्या अखेर मोजक्याच, त्यातल्या काही दोन ठिकाणी सापडल्या तर नवल नाही. मला खरे साम्य दिसते ते स्थिर आधाराभोवती खेळण्याच्या रीतीत. सतराव्या शतकात रुळलेल्या चाकोन आणि पासाकाल्या या प्रकारांत काही बारांची (बार म्हणजे तालाचा एक खंड) एकच ओळ, बहुधा खर्जात, पुन्हापुन्हा येते आणि तिच्यावर दर वेळी नवे काही घडते. ज्याने स्वतंत्र तबलावादन ऐकले आहे, त्याला इथे लेहरा आठवावा : सारंगी किंवा हार्मोनियम तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवते आणि तिच्या भरवशावर कायदा, म्हणजे तबल्याची ठरलेली बोलरचना, पलट्यांतून, म्हणजे त्याच बोलांच्या फेरमांडणीतून, उलगडत जातो.

तिकडे सगळे लिहिलेले आणि इकडे सगळे सुचलेले, ही विभागणीही पूर्वी इतकी कडक नव्हती. मोझार्ट आणि बेथोवन उत्स्फूर्त वादनासाठी ख्यातनाम होते. कॉन्चेर्टोत, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत, वाद्यवृंद थांबे, एकल वादक कॅडेन्झात, म्हणजे एकट्याच्या मोकळ्या वादनात, मनसोक्त विहार करी, आणि त्याचा लांबवलेला ट्रिल (दोन लगतच्या स्वरांची जलद आलटापालट) आला की सारे पुन्हा एकत्र येत. आपल्याकडे तबलजी तिहाईची (तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलांची) चाहूल लागताच समेसाठी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेसाठी, सावध होतो, तसेच. १८०९च्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत मात्र बेथोवनने एके ठिकाणी चक्क लिहून ठेवले की इथे कॅडेन्झा करू नये, थेट पुढे जावे. ‘इथे तान घेऊ नये’ अशी टीप एखाद्या बंदिशीखाली असती, तर किती गवयांनी ती पाळली असती?

प्रतिसाद : स्वयंभू

मूळ प्रश्न त्या प्रेल्यूडचा होता. त्याच्या ३५ बारांपैकी २४ ते ३१ या आठ बारांत खाली पंचम धरलेला आहे आणि शेवटच्या चारांत षड्ज. म्हणजे तंबोऱ्याचे दोन्ही स्वर तिथे आहेत, आपला कान चुकलेला नाही. परंतु तंबोऱ्याचा पंचम षड्जाच्या सोबतीने शांत बसलेला असतो. बाखचा पंचम षड्जाला अडवून ठेवतो आणि ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो.

जाता जाता : जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो आणि आजच्या पियानोचा ४०० वर. पियानोवरचा यमन मला नेहमी किंचित चढा लागतो, तो त्यामुळेच.

खर्जसाधक

सर्वांचे आभार. काल पांढरी एकचा, म्हणजे सी हा षड्ज धरून जुळवलेला, तंबोरा सुरू ठेवून तेच प्रेल्यूड पुन्हा ऐकले. बाराव्या बारात सी शार्प, म्हणजे आपला कोमल ऋषभ, येतो; तिथे तंबोरा अगदी नकोसा झाला आणि चौदाव्यातल्या कोमल धैवताला तर मी तो बंदच केला. शेवटचे चार बार आले तेव्हा पुन्हा सुरू करण्याची गरज भासली नाही.