देणगी खटल्यासाठी की पगारासाठी?

एडिसनकर: काल इथे एकाने लिहिलं, 'सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्सला डोळे मिटून द्या, बायकांसाठी लढणाऱ्यांकडे हिशेब मागणं हा कोतेपणा.' अमेरिकेत गर्भपाताच्या हक्कासाठी कोर्टात लढणारी ही न्यूयॉर्कची संस्था. तेव्हापासून डोक्यात जातंय. २०२२ च्या जूनमध्ये डॉब्जचा निकाल आला, अमेरिकन सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, त्याच रात्री आम्ही नवराबायकोने दरमहा ५० डॉलर लावून दिले. यंदा त्यांचा फॉर्म ९९०, म्हणजे अशा संस्था तिकडच्या करखात्याला दरवर्षी देतात तो हिशेब, उघडून बसलो. सगळ्यात मोठा खर्च कसला, तर पगार! वरच्यांचे सहा आकडी, तेही डॉलरमध्ये. आणि डॉब्ज खटल्यात मिसिसिपीच्या क्लिनिकचं वकीलपत्र यांचंच होतं, म्हणजे जी केस जगभर गाजली तीच हरले. हे विचारलं की मी लगेच गर्भपातविरोधी?

निशिगंधा: वकिलांच्या संस्थेत पगारावर नाही तर काय सिमेंटवर खर्च होणार? २०१६ ला टेक्सास आणि २०२० ला लुइझियाना, तिथल्या गर्भपातावरच्या निर्बंधांविरुद्धच्या दोन्ही केसेस यांनीच सुप्रीम कोर्टात जिंकल्या. त्यानंतर गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या, त्यांच्या जागी विरोधातल्या बॅरेट आल्या. न्यायमूर्ती बदलले म्हणून वकील नापास? दादा, एवढा हिशेब कधी देवळाच्या ट्रस्टला विचारलात?

एडिसनकर: देवळात मी नारळ ठेवतो, ऑटो-डेबिट नाही.

जमाखर्च: दोघंही चुकीच्या पानावर भांडताय. पगाराची ओळ बघून काही कळत नाही. मोठमोठ्या लॉ फर्म अशा संस्थांसाठी फुकट काम करतात. त्या तासांची बाजारभावाने किंमत लावून ऑडिट रिपोर्टमध्ये ती जमेलाही धरतात आणि खर्चालाही. ९९० मध्ये मात्र फुकट सेवा उत्पन्नात धरत नाहीत. त्यामुळे दोन कागदांवर दोन आकडे येतात, आणि 'शंभरातले इतके थेट कामावर' ही जाहिरात कुठल्या कागदावरून केली ते विचारायला हवं. दुसरं म्हणजे मोठे देणगीदार कोण ते तुम्हाला दिसणारच नाही. ती नावं ९९० च्या शेड्युल बी या पुरवणीत असतात आणि जनतेला दाखवताना झाकतात. कॅलिफोर्निया सरकार ती यादी स्वतःकडे मागत होतं, तेही २०२१ ला सुप्रीम कोर्टाने बंद केलं. खटला कुणाचा? कोक बंधू या उजव्या अब्जाधीश उद्योगपतींच्या गोटातल्या संस्थेचा. फायदा डाव्याउजव्या सगळ्यांनाच.

सातारी_तडका: तुमचं बरंय, झाकायला तरी यादी आहे. इथे भारतात या! एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० पासून परदेशी देणगीतला २० टक्क्यांहून जास्त पैसा प्रशासनावर नाही, आधी ५० होते. वकिलाची फी नियमात कशात मोडते? प्रशासकीय खर्चात! म्हणजे कायद्याचं काम करणाऱ्या संस्थेने वकील सोडून बाकी सगळ्यावर खर्च करावा. वर पैसे दिल्लीच्या एकाच स्टेट बँक शाखेत यायला हवेत, आणि पुढे छोट्या संस्थेला देता येत नाहीत. याला उत्तरदायित्व म्हणतात म्हणे. गळा आवळणं म्हणा.

तात्या_वाचनालय: परदेशी पैसा सोडा हो. आमच्या गावच्या वाचनालयाला वर्षाकाठी चाळीस हजार येतात. विश्वस्त वारले, नवा नेमला, चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करा असा अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नव्वद दिवसांच्या आत दिला. त्याला नऊ वर्षं झाली. दरम्यान नवा विश्वस्तही वारला.

सातारी_तडका: तात्या 😂 आमच्या शिक्षण संस्थेचे तीन पेंडिंग आहेत. बँक म्हणते शेड्युल वनवर, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, नाव दाखवा, ऑफिस म्हणतं तारीख पडलीय.

जमाखर्च: भावकीचा वाद असेल, कुणीतरी हरकत घेतली असेल.

तात्या_वाचनालय: हरकत कुणाचीच नाही. तेच तर! हरकत असती तर निदान सुनावणी तरी झाली असती.

एडिसनकर: मूळ मुद्दा राहिला बाजूला. वेगळा धागा काढा.

तात्या_वाचनालय: हिशेबाचाच धागा आहे ना? की हिशेब फक्त न्यूयॉर्कचा?

वैद्यबाई: मधे बोलते. माझ्या नणंदेला जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात गर्भपाताआधी नवऱ्याची सही आणायला सांगितलं. नवरा सोडून गेलेला. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, कायद्यात दुसऱ्या कुणाची सही नाही. हे मला माहीत होतं, पण माझं ऐकतंय कोण? एका संस्थेच्या वकीलबाईंनी फोनवर दोन मिनिटं बोलून कलम वाचून दाखवलं. काम झालं. फी शून्य. हा फोन कुठल्या रकान्यात दिसतो, जमाखर्च साहेब?

जमाखर्च: पगाराच्या.

निशिगंधा: घ्या! सेहत आणि मासूम या आपल्याकडच्या संस्था २००० साली सुप्रीम कोर्टात गेल्या, म्हणून गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची धूळ झटकली गेली आणि २००३ ला तो सुधारला. ती वर्षं बॅलन्सशीटमध्ये कशी मोजणार?

एडिसनकर: बाई, एका फोनने नऊशे नव्याण्णव पावत्या माफ होत नाहीत. आणि निशिगंधा, तुमचा सूर म्हणजे 'आम्ही चांगले, म्हणून विचारू नका.' याच सुरात आमच्या पतपेढीचे चेअरमन बोलायचे. वडिलांची ठेव अजून यायचीय.

निशिगंधा: पतपेढी? तुम्ही ज्यांना बुडवे म्हणताय ते दरवर्षी कागद जाहीर करतात, म्हणूनच तर तुम्ही ते वाचून भांडताय!

एडिसनकर: ...हे मान्य. नाइलाजाने. चेअरमनने कधी कागद दाखवला नव्हता. बरं, मग निम्मे पैसे तिकडे भारतातल्या एखाद्या संस्थेला देऊ का? एफसीआरए आड येईल?

सातारी_तडका: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन झाला असाल तर तुम्हीच 'विदेशी स्रोत'.

एडिसनकर: माझा अजून अशोकस्तंभाचाच. बायकोचा गरुडाचा. म्हणजे माझे २५ तिकडे, तिचे २५ इथेच. तिला विचारतो.

तात्या_वाचनालय: तिकडचे २५ वाचनालयाला चालतील. फक्त पावतीवर सही कुणाची करायची ते आधी सांगा.