चिपेवा नॅशनल फॉरेस्ट, मिनेसोटा: सप्टेंबरसाठी सल्ला हवा

रानभैरी: मिनियापोलिसहून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जायचंय. तंबू, भाड्याची कनू (वल्ह्याची अरुंद होडी), सोबत दोन मुलं. लीच लेक रिझर्व्हेशन, म्हणजे ओजिब्वे या मूळ अमेरिकन लोकांचा राखीव प्रदेश, याच जंगलात आहे म्हणे. मग परवानगी कुणाची काढायची? जंगली तांदळाची (तळ्यात उगवणाऱ्या गवताच्या दाण्यांची) कापणी बघता येईल का?

देवनळ: रिझर्व्हेशनचा सुमारे ९० टक्के भाग जंगलाच्या हद्दीत आहे, आणि तिथे फेडरल, बँडची (म्हणजे लीच लेकच्या ओजिब्वे जमातीची), राज्याची, कौंटीची, खासगी अशी सगळी जमीन मिसळलेली. हद्द सांगणारी कमान कुठेच नाही. जुना नकाशा नको: डिसेंबर २०२० च्या कायद्याने जंगलातली सुमारे ११,७६० एकर जमीन बँडला परत द्यायचं ठरलं. कॅस लेक किंवा वॉकर गावातल्या फॉरेस्ट ऑफिसातून ताजा नकाशा घ्या. जंगलात शिरायला परवाना लागत नाही; मासेमारीला राज्याचं लायसन्स लागतं. बँडच्या जमिनीवर तंबू ठोकायचा तर आधी बँडला विचारा.

उंबरठा: मुक्काम नॉर्वे बीचच्या कॅम्पग्राउंडला, कॅस लेक तळ्याच्या काठी. लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) काही भाग बंद होतात, बुकिंगआधी बघून घ्या. समोरच्या स्टार आयलंडवर विंडिगो नावाचं तळं आहे, म्हणजे तळ्यातल्या बेटावर पुन्हा तळं. मुलं खूश होतील. पण कॅस लेक अफाट उघडं आहे, वारा सुटला की लाटा उठतात. सकाळी लवकर जा, वारा वाढायच्या आत परता, लाइफ जॅकेट अंगातच हवं. लॉस्ट फॉर्टी चुकवू नका: १८८२ च्या मोजणीत ही जागा चुकून तळं म्हणून नोंदली गेली, म्हणून तिथले जुने पाइन कुऱ्हाडीतून वाचले. खाणं रात्री गाडीत बंद ठेवा, अस्वलं आहेत. अंगावर गोचिड्या आहेत का ते रोज तपासा.

देवनळ: तांदळाचं राहिलंच. रिझर्व्हेशनच्या पाण्यातला तांदूळ बाहेरच्यांनी काढणं बेकायदा आहे. बघायचं तर लांबून. एक जण बांबूसारख्या लांब काठीने कनू ढकलतो, दुसरा दोन दांडक्यांनी कणसं वाकवून दाणे आत झाडतो. पिकलेला दाणा नुसत्या धक्क्याने गळतो, म्हणून तांदळाच्या पट्ट्यातून कनू नेऊ नका. कुणाचं तरी वर्षाचं पीक पाण्यात जातं. कनू बाहेर काढली की चिकटलेल्या पाणवनस्पती तिथेच काढा, पाणी ओता.

रानभैरी: आणि विकत घ्यायचा असेल तर?

देवनळ: "हाताने काढलेला, तळ्यातला" असं लिहिलेला घ्या. तो तपकिरी-हिरवट, दाणे कमी-जास्त रंगाचे. काळाकुळकुळीत, एकसारखा चकचकीत दिसला तर बहुधा शेतात पिकवलेला. एक वाटीला तीन वाट्या पाणी, मंद आचेवर झाकून; तळ्यातला वीस-पंचवीस मिनिटांत होतो, शेतातल्याला पाऊण तासाच्या पुढे. कुकरला लावू नका, लगदा होतो.